रात्रपाळीनंतर झोपायचे कुठे?
औद्योगिक पट्ट्यातील आपत्कालीन निवारे आणि जमीनवापराचे नियम

(फुलसावंगी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हातमोजे तयार करणाऱ्या एका कारखान्याला ३१ डिसेंबर २०२३च्या पहाटे, अंधार असतानाच आग लागली. पाळी संपली होती, मशीन बंद होती. तरी आत माणसे होती, कारण ती तिथेच झोपत असत. काही जण कसेबसे बाहेर पडले. सहा जणांना पडता आले नाही.

त्याआधी ९ मे २०१९ रोजी पुण्याजवळच्या उरुळी देवाची इथे साड्यांचे मोठे दुकान पहाटे पेटले. आत झोपलेले पाच कामगार दगावले. दाराला बाहेरून कुलूप होते. १८ डिसेंबर २०१७ला मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या कारखान्याला आग लागली, त्यात बारा कामगार गेले. तेही कामाच्याच जागी झोपलेले होते. आणि १८ मे २०२५ रोजी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कामगार होते आणि कारखान्याच्या मालकाचे कुटुंबही होते.

वर्षे वेगळी, शहरे वेगळी, माल वेगळा. वेळ मात्र चारही ठिकाणी एकच: मध्यरात्र उलटल्यापासून उजाडेपर्यंतची. जिथे माल बनतो किंवा साठवला जातो, त्याच छपराखाली माणसे निजली होती. दुर्घटनेनंतर अग्निशमन यंत्रणा होती का, परवाना होता का, वायरिंग कसे होते, अशी चौकशी झाली आणि ती व्हायलाच हवी. त्याच्या आधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ही माणसे तिथे का झोपत होती? दुसरीकडे कुठे झोपली असती?

आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. तो वाळूज-सोलापूरचा वाटेल, पण फुलसावंगीच्या सभेत तो मांडण्याला कारण आहे. महागाव, उमरखेड, पुसद, दिग्रस या भागांतून दसरा-दिवाळी उलटली की माणसे बाहेर पडतात. कोणी उसाच्या फडावर जातो, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर, कोणी एखाद्या एमआयडीसीत हेल्पर म्हणून. गावात त्यांचे घर असते, मतदारयादीत नाव असते, रेशनकार्ड असते. कामाच्या ठिकाणी पोचल्यावर मात्र पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा नसते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर ही गोष्ट नकाशापासून सुरू होते. शहराचा विकास आराखडा उघडला की रंगांचे तुकडे दिसतात. पिवळ्यात राहायचे, हिरव्यात पिकवायचे, जांभळ्यात कारखाना चालवायचा. हे रंग ज्या कायद्याच्या जोरावर ठरतात, तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६चा. त्या वेळी मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, म्हणजे शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, त्याच्या थोडे आधी, १ ऑगस्ट १९६२ला स्थापन झाले. पुढे महामंडळाच्या हद्दीत नियोजनाचे अधिकारही महामंडळालाच मिळाले. २ डिसेंबर २०२० रोजी राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली, पण ती मुंबईला लागू नाही आणि एमआयडीसीच्या क्षेत्रालाही नाही. एमआयडीसीची नियमावली स्वतंत्र आहे. त्यामुळे एकाच रस्त्याच्या डाव्या बाजूला एक नियम आणि उजव्या बाजूला दुसरा, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते.

जांभळ्या पट्ट्यात वस्ती नको, या नियमामागे नुसता कागदी हट्ट नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला तेव्हा सर्वांत आधी सापडले ते कारखान्याच्या भिंतीलगतच्या वस्तीत झोपलेले लोक. घातक उद्योग शहरापासून दूर हलवावेत असे भोपाळच्या १९७५च्या विकास आराखड्यात म्हटले होते. ते झाले नाही. आपल्याकडे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४च्या मे महिन्यात रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. दोन्ही वेळा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या, माणसे गेली. कारखाना आणि घर यांच्यात अंतर असावे, हा धडा फार महागात शिकलेला आहे. तो पुसून टाका असे कोणीच म्हणणार नाही.

गोची पुढे आहे. नियमाने घराला बंदी घातली, झोपेला घालता आली नाही.

औद्योगिक वसाहतीत पहारेकऱ्याच्या खोलीला परवानगी असते. कँटीन चालते, बँक चालते, वजनकाटा चालतो, पेट्रोलपंप चालतो. १९४८च्या कारखाना कायद्याने दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विश्रांतीची खोली आणि जेवणाची खोली बंधनकारक केली. ती कामाच्या वेळेतल्या विश्रांतीसाठी. पाळी संपली की तिचे दार बंद. पन्नास-शंभर कामगारांच्या छोट्या गाळ्यांना तर तेवढेही बंधन नव्हते. आणि वाळूज, भोसरी, चाकण, हिंगणा, बुटीबोरी अशा ठिकाणी गावाकडून आलेला पोरगा सुरुवात करतो ती बहुधा अशाच छोट्या गाळ्यात.

गाळ्यातला हा मुक्काम डोळ्यांपुढे आणायला फार कल्पना लागत नाही. पत्र्याची शेड, तिच्यात लोखंडी खांबांवर टाकलेला पोटमाळा. खाली मशीन आणि कच्चा माल, वर पॅकिंगचे खोके. खोक्यांच्या मागे तीन-चार वळकट्या, खिळ्याला अडकवलेल्या पिशव्या, एकाच बोर्डावर लावलेले चार मोबाइल. कोपऱ्यात पाच किलोचा सिलिंडर. खाली-वर करायला एक शिडी. रात्री मालकाचा माणूस शटर ओढतो आणि माल चोरीला जाऊ नये म्हणून बाहेरून कुलूप लावतो. पोराचे भाडे वाचते, मालकाचा पहारेकरी वाचतो, दोघांची सोय होते. ही व्यवस्था कुठल्याही कागदावर नसते, म्हणून अग्निशमन विभागाची तपासणी तिला लागू होत नाही. आत किती माणसे झोपली आहेत हे आग लागल्यावर बंबवाल्यांनाही सांगता येत नाही.

या पोरांना बेघर म्हणायचे की नाही, हाही पेच आहे. जनगणनेत बेघर म्हणून मोजले जातात ते उघड्यावर, रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर राहणारे. २०११मध्ये त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार लोक निघाले. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या खालोखाल. एकट्या मुंबईत ५७ हजारांवर. पोटमाळ्यावर झोपणारा यांत धरला जात नाही, कारण त्याच्या डोक्यावर पत्रा आहे. आणि तो राहतो तिथे राहण्याची परवानगी नाही, म्हणून रहिवासी म्हणूनही त्याची दखल घ्यायला कोणी बांधील नाही.

उघड्यावर झोपणाऱ्यांच्या बाबतीत निदान न्यायालयांनी सरकारला हलवले. १९८१च्या पावसाळ्यात मुंबईतल्या पदपथवासीयांना हटवण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने जुलै १९८५मध्ये निकाल दिला. पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पण माणूस पदपथावर राहतो तो जवळ काम आहे म्हणून, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे मान्य केले. झोपण्याची जागा आणि कामाची जागा यांचे नाते देशाच्या कायद्यात इतक्या स्पष्टपणे प्रथमच नोंदले गेले.

पुढचा टप्पा दिल्लीचा. डिसेंबर २००९मध्ये, कडाक्याच्या थंडीत, पुसा रोडवरचा तंबूतला रात्रनिवारा महापालिकेने पाडला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी ही गोष्ट १३ जानेवारी २०१०च्या पत्राने न्यायालयापुढे ठेवली. त्यातून निघालेले आदेश दिल्लीपुरते राहिले नाहीत. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा, तोही वर्षाचे बारा महिने आणि दिवसाचे चोवीस तास, असा दंडक तयार झाला. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तो योजनेत आणला. माणशी पन्नास चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय. आणि निवारा कुठे असावा, तर बेघर जिथे एकवटतात आणि जिथे काम करतात त्याच्या शक्य तितक्या जवळ: स्टेशन, एसटी स्टँड, बाजार, घाऊक मंडई.

मुंबईची लोकसंख्या २०११मध्ये सुमारे एक कोटी चोवीस लाख होती. दंडकाप्रमाणे तिथे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या जवळपासही पोचलेला नाही. महापालिका सांगतात, जागा नाही. मुंबईच्या २०३४च्या विकास आराखड्यात बेघरांच्या निवाऱ्यासाठी आरक्षणाचा स्वतंत्र प्रकार आला, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. कारण आराखड्यात नाव असल्याशिवाय जागा मागता येत नाही, हे नगररचना कार्यालयात एकदा हेलपाटा घातलेल्या कोणालाही ठाऊक असते.

आता वाळूजचा विचार करा. निवाऱ्याची योजना आली ती नागरी अभियानातून, तिची जबाबदारी महापालिका-नगरपालिकांवर. वाळूजची वसाहत वाढली ती औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) महापालिका हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या शिवारात. कारखान्यांच्या जमिनीवर नियोजनाचा अधिकार एमआयडीसीचा, कामगार भाड्याने राहतात ती गावे ग्रामपंचायतींची, आणि निवाऱ्याचा पैसा नागरी संस्थांसाठीचा. तीन दारे, आणि बोचके घेऊन आलेल्या माणसासाठी तिन्ही बंद. महापालिका म्हणणार हद्द आमची नाही, एमआयडीसी म्हणणार हे आमचे काम नाही, ग्रामपंचायत म्हणणार एवढा निधी कुठून आणायचा. यात कोणी खोटे बोलत नाही, हीच अडचण आहे.

लोकसंख्येच्या निकषाचीही अशीच गत. २०११च्या जनगणनेत पुसद शहराची लोकसंख्या एक लाखाच्या बरीच आत होती. महागाव नगरपंचायत त्याहून लहान. फुलसावंगी तर ग्रामपंचायत. देशातल्या १७ लाख बेघरांपैकी आठ लाखांवर लोक ग्रामीण भागात मोजले गेले होते. त्यांच्यासाठी असा दंडकच नाही.

नियम बदलता येत नाहीत, असे मात्र कोणी सांगू नये. ते एका रात्रीत बदललेले देशाने पाहिले आहेत.

२४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. पाच दिवसांनी, २९ मार्चला, अडकलेल्या स्थलांतरितांसाठी तात्पुरते निवारे उभारा असा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना दिला. शाळा, मंगल कार्यालये, क्रीडासंकुले, गोदामे, जिथे छप्पर सापडले तिथे माणसे ठेवली गेली. कुठल्या इमारतीचा आराखड्यातला वापर काय, हे कोणी विचारले नाही. मग १५ एप्रिलचा आदेश आला. औद्योगिक वसाहतींतले उद्योग २० एप्रिलपासून सुरू करता येतील, मात्र कामगारांच्या राहण्याची सोय शक्यतो कारखान्याच्या आवारातच किंवा लगतच्या इमारतीत करावी, असे त्यात लिहिले होते. अनेक दशके जी गोष्ट नियमाला अमान्य होती, तीच कारखाना उघडण्याची अट झाली.

साथ ओसरली, आदेश गेले आणि जांभळा पट्टा पुन्हा जसा होता तसा झाला. त्या काही महिन्यांत कारखान्यांनी झोपण्याच्या जागा कशा केल्या, संडास किती लागले, स्वयंपाक कुठे झाला, आगीची काळजी कशी घेतली, या अनुभवावरून कायम नियम करण्याची संधी होती. ती गेली. त्याच टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर रुळांवरून भुसावळच्या दिशेने चालत निघाले आणि थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले. ८ मे २०२०च्या पहाटे मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो वर्तमानपत्रांतून सर्वांनी पाहिला. ही माणसेही एका औद्योगिक शहरातूनच निघाली होती.

दूरच्या मुलखात हा प्रश्न दुसऱ्या टोकाने आला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात बेघरांची संख्या मोठी, आणि आपत्कालीन निवारा काढायचा म्हटला की शेजारपाजारचे लोक हरकती घेऊन उभे. नगरपालिका विशेष परवानगीच्या फायली वर्षानुवर्षे फिरवत. म्हणून २००७मध्ये राज्याने कायदा केला: प्रत्येक शहराने निदान एक असा झोन दाखवावा, जिथे निवाऱ्याला विशेष परवानगी लागणार नाही, ठरलेल्या अटी पाळल्या की मंजुरी. शहरांनी कायदा पाळला, पण आपल्या पद्धतीने. अनेकांनी निवाऱ्यांसाठी औद्योगिक झोन दाखवला. जिथे बस जात नाही, दवाखाना नाही, किराणा दुकान नाही आणि आवाज उठवायला शेजारीही नाहीत. निवारा हवा, पण आमच्या गल्लीत नको, ही वृत्ती आपल्याला नवी नाही. अखेर २०२२मध्ये राज्याला कायदा दुरुस्त करावा लागला: निवाऱ्याचा झोन शक्यतो लोक राहतात तिथलाच हवा, औद्योगिक भागात दाखवायचा असेल तर दळणवळण आणि सेवा जवळ आहेत आणि जागेला धोका नाही, हे सिद्ध करा.

आपल्याकडे औद्योगिक पट्ट्यात निवाऱ्याला जागाच नाही. कॅलिफोर्नियात ती नको त्यांना दिली गेली. नागपूरच्या स्टेशनवर झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उचलून बुटीबोरीच्या टोकाला नेऊन ठेवणे म्हणजे निवारा देणे नव्हे. त्याची भाकरी स्टेशनवर आहे. पण जो बुटीबोरीतच राबतो, त्याचा निवारा बुटीबोरीतच हवा. कॅलिफोर्नियाच्या पंधरा वर्षांतून इथे उचलण्यासारखे एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.

हे तत्त्व विदर्भाला शिकवायला कॅलिफोर्निया कशाला हवे? अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६मध्ये जन्मलेल्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, ते आयुष्यभर करून दाखवले. स्वतः झाडाखाली किंवा ओट्यावर निजणाऱ्या बाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या माणसे अडतात तिथे. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे वारकऱ्यांसाठी. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, कारण खेड्यातून आलेले रुग्णांचे नातेवाईक तिथल्या पदपथावर पडून राहत. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसे उतरतात. रुग्णालयापासून दहा कोसांवर फुकट मिळालेल्या जमिनीवर ती बांधली असती, तर रिकामी पडली असती.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर वेगळ्याच कारणाने बांधावी लागली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना इतर धर्मशाळांत थारा नव्हता. चंद्रभागेच्या काठी विठ्ठलाच्या दारात आलेल्या माणसाने झोपायचे कुठे, हे जात ठरवत होती. गावठाण, गावकूस, गावकुसाबाहेरचा वाडा, तांडा हे नकाशे नगररचना खात्याच्या कितीतरी आधीचे. बाबांनी त्या नकाशात एक इमारत उभी केली आणि १९४९मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. कोणी कुठे राहायचे याचे नियम माणसांनी केलेले असतात, आणि माणसे ते मोडून नवे करतात, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधायला नको.

आजच्या सरकारांनाही हे अगदी सुचलेले नाही असे नाही. जुलै २०२०मध्ये केंद्राने स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना मंजूर केली. रिकाम्या पडलेल्या सरकारी घरांचा वापर, आणि उद्योगांनी किंवा संस्थांनी स्वतःच्या मोकळ्या जमिनीवर बांधकाम, असे तिचे दोन मार्ग होते. दुसऱ्या मार्गासाठी जमीनवापराची परवानगी सुलभ करण्याची आणि वाढीव चटईक्षेत्राची सवलत होती. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी डॉर्मिटरी पद्धतीच्या भाड्याच्या निवासांची घोषणा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडूने श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगल इथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीत १८ हजारांवर महिला कामगार राहू शकतील असे निवाससंकुल सुरू केले. औद्योगिक वसाहतीत माणसे सुरक्षित झोपू शकतात, याबद्दल आता शंका उरू नये.

पण ही सगळी सोय नोकरीचे पत्र हातात असलेल्यासाठी. सकाळी नाक्यावर उभा राहून दिवसाचे काम शोधणारा, ठेकेदाराने अर्ध्यात सोडलेला, पाळी तुटल्याने खोलीचे भाडे थकलेला, नवऱ्याच्या मारामुळे पोर कडेवर घेऊन निघालेली बाई, आणि पुरात किंवा आगीत खोली गेलेले कुटुंब यांच्यासाठी त्या संकुलात खाट नाही. आपत्कालीन निवारा लागतो तो यांना. आज रात्री, कागदपत्रे न विचारता.

मग नियमात नेमके काय हवे? पहिली गोष्ट, एमआयडीसीच्या आणि राज्याच्या नियमावलीत आपत्कालीन निवारा हा औद्योगिक पट्ट्यातला परवानगीयोग्य वापर म्हणून नावाने लिहिला जावा. अटी आधी ठरलेल्या असाव्यात. त्या पूर्ण करणाऱ्याला साहेबांच्या मर्जीची वाट पाहावी लागू नये.

दुसरी गोष्ट अंतराची. घातक रसायनांच्या १९८९च्या नियमांनुसार, मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्यांभोवतीच्या परिसरासाठी आपत्कालीन आराखडा जिल्हा प्रशासनाला करावा लागतो. दुर्घटना घडली तर झळ कुठवर पोचेल, याचा अंदाज त्यात असतो. तोच आराखडा समोर ठेवून निवाऱ्याची जागा ठरवावी. नुसते शंभर मीटर किंवा दोनशे मीटर असे सरसकट लिहिण्यात अर्थ नाही; कापडाचा गाळा आणि क्लोरीनची टाकी यांचे अंतर एक कसे असेल?

तिसरी गोष्ट इमारतीची, आणि इथे वाळूज-उरुळीचा हिशेब लावायला हवा. दोन स्वतंत्र जिने. बाहेरच्या बाजूला उघडणारी दारे, ज्यांना बाहेरून कुलूप लावताच येणार नाही. झोपण्याच्या दालनात सिलिंडर नाही, स्वयंपाक वेगळ्या खोलीत. धुराची सूचना देणारी घंटा. रोज रात्री किती माणसे आहेत याची नोंद दारावर. स्त्रियांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी दालने. रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा झोपता यावे म्हणून चोवीस तास उघडे दार. रात्री आठला उघडून सकाळी सहाला बाहेर काढणारा निवारा तीन पाळ्यांच्या वसाहतीत निम्म्या लोकांच्या कामाचा नाही.

आणि जबाबदारी. वसाहतीच्या ले-आउटमध्ये सुविधा भूखंड असतात. बँक, टपाल कार्यालय, अग्निशमन केंद्र त्यांवर येते. त्यांतला एक निवाऱ्यासाठी राखावा. हद्द महापालिकेची असो वा ग्रामपंचायतीची, चालवण्याचा खर्च राज्याने उचलावा. बांधकाम खर्चावर १९९६च्या कायद्याने सुरू झालेला एक टक्का उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच असतो, त्यातलाही वाटा यासाठी वापरता येईल.

यावर उद्योजकांची हरकत ठरलेली: आज निवारा, उद्या झोपडपट्टी, एकदा माणसे बसली की उठत नाहीत. ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. पण कागदावर नसलेली वस्ती वाढत जाते ती कोणी मोजत नाही म्हणून. निवाऱ्यात नोंद असते, मुक्कामाची मुदत असते, पुढची सोय लावायला माणूस असतो. आणि पोटमाळ्यावर पोरे झोपवून कुलूप लावणाऱ्या गाळेवाल्याला उद्या दुर्घटनेनंतर तुरुंगात जावे लागले, तर निवाऱ्याचा खर्च त्यालाही स्वस्त वाटेल.

मंडळी, हे सारे फुलसावंगीने का ऐकायचे? आपल्या तालुक्यात गुंजच्या आणि शेजारी पोफाळीच्या साखर कारखान्याच्या परिसरात हंगामात तोडणी कामगारांच्या कोपी दिसतात. बांबू, पाचट, प्लास्टिक; वाकून आत जावे लागते इतके दार. अवकाळी पाऊस आला की आतले पीठ भिजते, पोरे रडतात, आणि पहाटे बैलगाडी जुंपायची वेळ ठरल्याप्रमाणेच येते. कारखान्याचे गोदाम शेजारीच कोरडे असते. आपल्या गावचे लोक दुसऱ्या जिल्ह्यांच्या फडावर याच अवस्थेत असतात. जुलै २०२३मध्ये आपल्याच महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, तेव्हा अडकलेल्या माणसांसाठी हेलिकॉप्टर मागवण्याची वेळ आली होती. एका रात्रीत घरदार असलेला माणूस निवाऱ्याचा गरजू होतो, हे पैनगंगेच्या काठाला कोणी सांगायला नको.

गावाच्या हातात तीन कामे आहेत. ग्रामपंचायतीने बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांची नोंदवही ठेवावी: कोण, कुठे, कोणत्या मुकादमाबरोबर, किती दिवसांसाठी आणि तिथे झोपायची सोय काय. शेवटचा रकाना आजवर कुठल्याच नोंदवहीत नाही, तो आपण सुरू करावा. दुसरे, ज्या शहरात किंवा वसाहतीत आपली माणसे जातात तिथला विकास आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा सूचना देता येते. १९६६च्या कायद्याने त्यासाठी ठरावीक मुदत ठेवली आहे. सूचना देणाऱ्याचे तिथे घर असले पाहिजे, अशी अट नाही. मंजूर आराखड्यातही कलम ३७खाली फेरबदल होऊ शकतो, त्यासाठीही लोकांकडून हरकती मागवल्या जातात.

तिसरे काम या सभेतूनच सुरू व्हावे. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: औद्योगिक वसाहतींच्या नियमावलीत आपत्कालीन निवारा हा परवानगीयोग्य वापर म्हणून समाविष्ट करावा, आणि साखर कारखान्यांनी हंगामात आपल्या आवारात तोडणी कामगारांसाठी पक्के छप्पर उपलब्ध करावे. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक नगरविकास विभागाला आणि एक औद्योगिक विकास महामंडळाला पाठवा, आणि तिन्ही ठिकाणची पोच मागून घ्या. दिवाळीनंतर गावातून गाड्या निघतील, त्याआधी हे होऊ शकते.